पुण्यातल्या ड्रोनवाल्यांसाठी विमा : काय घ्यावे, काय सोडावे, क्लेम कुठे अडतो

पुण्यात ड्रोनवर पोट असलेले धंदे मुख्यतः चार. डीपी रोड, सिंहगड रोडच्या लॉन्सवर लग्नाचे शूटिंग करणारे; बांधकामाच्या साइटची महिन्याची प्रगती आणि जमिनीची मोजणी टिपणारे; चाकण, तळेगाव, रांजणगावच्या कारखान्यांची छपरे आणि सोलर पॅनेल तपासणारे; आणि जुन्नर, शिरूर, बारामतीकडे फवारणी करणारे. चौघांची जोखीम अगदी वेगळी, पण विमा घ्यायला गेले की चौघांसमोर साधारण एकच पॅकेज येते : ड्रोनचे स्वतःचे नुकसान, कॅमेरा किंवा सेन्सरचे नुकसान, थर्ड पार्टीची भरपाई आणि पायलटचा अपघात विमा. एचडीएफसी अर्गो, आयसीआयसीआय लोम्बार्ड, न्यू इंडिया आणि येरवड्यात मुख्य कचेरी असलेली बजाज, अशा कंपन्यांनी ड्रोनसाठी पॉलिसी आणलेल्या आहेत. हे परीक्षण एका कंपनीचे नाही, या पॅकेजचे आहे. निकाल आधीच सांगतो : थर्ड पार्टीचा भाग घ्यायलाच हवा आणि मोठ्या रकमेचा घ्यायला हवा. ड्रोनच्या नुकसानीचा भाग हिशेब करून घ्यावा. आणि एका दिवसापुरती पॉलिसी फक्त त्यालाच परवडते, ज्याची कामे खरोखरच तुरळक आहेत.

थर्ड पार्टी विमा ही मर्जीची गोष्ट नाही. ड्रोन नियम २०२१ मधला नियम ४४ म्हणतो की मोटार वाहन कायदा १९८८ मधल्या थर्ड पार्टी विम्याच्या आणि भरपाईच्या तरतुदी योग्य त्या फेरफारासह ड्रोनलाही लागू आहेत. सूट फक्त नॅनो गटाला, म्हणजे २५० ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला. त्यापुढे २ किलोपर्यंत मायक्रो, २५ किलोपर्यंत स्मॉल, १५० किलोपर्यंत मीडियम. हे वजन उडताना असते ते, बॅटरी आणि अंगावरच्या सगळ्या सामानासकट. लग्नाच्या शूटिंगमध्ये नेमके इथेच घोडे पेंड खाते. डीजेआय मिनी ३ प्रो साध्या बॅटरीवर २५० ग्रॅमच्या आत बसतो; जास्त वेळ उडावा म्हणून मोठी बॅटरी लावली की तोच ड्रोन सुमारे २९० ग्रॅम होतो, मायक्रोमध्ये जातो, आणि विमा सक्तीचा होतो. धंद्यासाठी मायक्रो उडवायचा तर रिमोट पायलट प्रमाणपत्रही लागते. शिवाय नॅनोला सूट आहे ती विमा घेण्यातून. पात्याने कोणाचा डोळा गेला तर भरपाईची जबाबदारी २४९ ग्रॅमच्या ड्रोनवाल्याचीही तेवढीच.

आता रक्कम. मोटारीच्या थर्ड पार्टी विम्यात मृत्यू किंवा इजेच्या भरपाईला वरची मर्यादा नसते, म्हणून लोकांना वाटते की ड्रोनलाही ‘थर्ड पार्टी आहे’ म्हटले की झाले. ड्रोनच्या पॉलिसीत मात्र शेड्यूलवर, म्हणजे पॉलिसीच्या तपशिलाच्या पानावर, आकडा छापलेला असतो आणि त्याच्यावरचा प्रत्येक रुपया धंद्याच्या खिशातून जातो. तो आकडा पुरेसा आहे का, हे अंदाजाने ठरवू नका, गणित मांडा. मोटार अपघातात भरपाई काढण्याची रीत सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ आणि २०१७ च्या निकालांनी ठरून गेली आहे, आणि नियम ४४ ड्रोनलाही त्याच वाटेवर नेतो. समजा महामार्गालगतच्या साइटवरून ड्रोन कोसळला आणि दुचाकीवरचा ३२ वर्षांचा, कायम नोकरीतला, महिना ८०,००० रुपये पगाराचा माणूस गेला. वर्षाचे उत्पन्न ९.६ लाख. पुढच्या पगारवाढीपोटी ५० टक्के वाढवले की १४.४ लाख. घरात अवलंबून असलेली दोन-तीन माणसे धरली तर त्याचा स्वतःचा खर्च म्हणून एक तृतीयांश वजा, उरले ९.६ लाख. ३१ ते ३५ वयाला गुणक १६. झाले १ कोटी ५३ लाख ६० हजार. उत्पन्न धरताना आयकर लागत असेल तर तो वजा होतो, तेव्हा आकडा थोडा खाली येऊ शकतो. अंत्यविधी वगैरेची ठरावीक रक्कम वर चढते. हिंजवडी-खराडीच्या रस्त्यावर असा पगार काही दुर्मीळ नाही. दहा लाखांची थर्ड पार्टी मर्यादा घेऊन कंत्राटाची अट पूर्ण होते, धंदा वाचत नाही. लोकवस्तीवर, रस्त्यालगत किंवा गर्दीत काम असेल तर एक कोटीच्या खाली आम्ही सुचवणार नाही. उसाच्या मोकळ्या रानात फवारणी असेल तर त्यापेक्षा कमी चालू शकेल, कारण तिथला धोका वेगळा आहे. तो पुढे येतो.

मर्यादा ‘प्रत्येक अपघाताला’ आहे की ‘पूर्ण वर्षाला’, हेही बघा. वर्षाची एकूण मर्यादा असेल तर पहिल्या क्लेमनंतर उरलेले महिने तुम्ही अर्ध्या छत्रीखाली असता. आणि वकिलाचा खर्च त्या मर्यादेच्या आतून जाणार की वेगळा मिळणार, हे लेखी विचारा.

बिल्डर आणि कारखाने यांचा एक ठाम गैरसमज असतो : ‘आमची लायबिलिटी पॉलिसी आहे ना, त्यात येईल.’ नाही येत. कमर्शियल जनरल लायबिलिटीच्या ठरीव मजकुरात विमानाच्या वापरातून आलेली जबाबदारी वगळलेली असते, आणि बांधकामाच्या कॉन्ट्रॅक्टर्स ऑल रिस्क पॉलिसीतल्या थर्ड पार्टी भागातही विमानामुळे झालेला अपघात बाहेर ठेवलेला असतो. ड्रोन कायद्याने विमानच आहे. त्यामुळे साइटवर बाहेरचा ड्रोनवाला बोलावणाऱ्या बिल्डरने त्याच्या पॉलिसीची प्रत मागावी, तीत आपल्या कंपनीचे नाव सहविमाधारक म्हणून एन्डॉर्समेंटने, म्हणजे पॉलिसीला जोडलेल्या वाढीव कलमाने, चढवून घ्यावे, आणि मुदत व ड्रोनचा यूआयएन, म्हणजे सरकारी नोंदणीचा क्रमांक, स्वतः ताडून पाहावा. उलट बाजूने, ड्रोनवाल्याने वर्क ऑर्डरच्या शेवटच्या पानावरची कलमे वाचावीत. ‘कामातून उद्भवणारे सर्व नुकसान ठेकेदार भरून देईल’ असे एक वाक्य तिथे हमखास असते. कायद्याने जेवढी जबाबदारी येते तेवढीच विमा उचलतो. कराराने तुम्ही अंगावर ओढून घेतलेली जास्तीची जबाबदारी पॉलिसीत सहसा वगळलेली असते.

ड्रोनच्या स्वतःच्या नुकसानीचा भाग या पॅकेजमध्ये सगळ्यात महाग आणि सगळ्यात जास्त वादाचा. वाद होतो तो तीन ठिकाणी.

पहिले, किंमत. चार लाखांचा ड्रोन प्रीमियम वाचवण्यासाठी अडीच लाखांना विमाकृत केला आणि ८०,००० रुपयांची दुरुस्ती आली, तर कंपनी पूर्ण ८०,००० देत नाही. अडीच भागिले चार या प्रमाणात ५०,००० धरते आणि त्यातून तुमच्या वाट्याची ठरलेली रक्कम, म्हणजे एक्सेस, कापते. जीएसटीचे इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, घेत असाल तर विमा रक्कम करासह धरण्यात अर्थ नाही, कारण क्लेममध्ये तो कर मिळणार नाही. सप्टेंबर २०२५ पासून ड्रोनवरचा जीएसटी ५ टक्के झाला आहे, तेव्हा जुन्या बिलावर १८ टक्के धरून काढलेली रक्कम नूतनीकरणाच्या वेळी नव्याने मांडा.

दुसरे, घसारा. बॅटरी आणि पाती हे झिजणारे भाग. ते एकटे खराब झाले तर काही मिळत नाही. अपघातात ड्रोनबरोबर गेले तर घसारा कापून मिळतात. स्मॉल गटातल्या फवारणीच्या ड्रोनला बॅटऱ्यांचे तीन-चार संच लागतात आणि ते एकूण किमतीचा मोठा तुकडा असतात. प्रत्येक बॅटरीचा अनुक्रमांक आणि किती वेळा चार्ज झाली याची नोंद ठेवली, तर घसाऱ्याचा वाद लवकर मिटतो.

तिसरे, बेपत्ता ड्रोन. सिग्नल तुटला, ड्रोन पानशेतच्या पाण्यावर गेला आणि सापडलाच नाही, तर काही पॉलिसीत हे नुकसानीत येते, काहींत अवशेष दाखवल्याशिवाय येत नाही. धरणे, घाट, नदीपात्र इथे काम करणाऱ्याने एवढे एक कलम तरी घेण्याआधी वाचावेच.

कॅमेऱ्याचे वेगळे. ड्रोनला जोडलेला थर्मल कॅमेरा किंवा लायडार (लेझरने मोजणी करणारा सेन्सर) बरेचदा ड्रोनपेक्षा महाग असतो, आणि शेड्यूलमध्ये वेगळ्या ओळीत, अनुक्रमांकासह लिहिला नसेल तर तो विम्यात नाहीच असे समजा. भाड्याने आणलेला लायडार असेल तर मालक कोण, हेही तिथे यायला हवे.

वगळलेल्या गोष्टींपैकी प्रत्येक धंद्याला एकेक तरी नडते. लग्नवाल्यांना रात्र : संध्याकाळचे रिसेप्शन, वरात, फटाके, सगळे सूर्यास्तानंतर, आणि रात्रीचे उड्डाण हे बहुतेक पॅकेजमध्ये वेगळे पैसे भरून घ्यायचे एन्डॉर्समेंट असते. ते न घेता लग्नसराईची पॉलिसी घेणे म्हणजे पैसे वाया. मोजणीवाल्यांना नजरेपलीकडचे उड्डाण : मुळशीत लांब पट्टा घेताना ड्रोन टेकडीमागे गेला की मूळ कव्हर संपते. तपासणीवाल्यांना ‘ज्यावर काम चालू आहे ती मालमत्ता’ : सोलर पॅनेल तपासताना ड्रोन त्याच पॅनेलवर पडला, तर ती वस्तू तुमच्या ताब्यातली किंवा कामाखालची धरून क्लेम नाकारला जाऊ शकतो, शेजारच्या शेडवर पडला तर मिळतो. चाकणच्या कारखान्यात हा मुद्दा पहिल्याच बैठकीत मांडून त्याचे वाढीव कलम मागा. शिवाय ड्रोन ट्रान्सफॉर्मरवर पडून लाइन बंद राहिली तर ट्रान्सफॉर्मरची दुरुस्ती एक गोष्ट आणि बुडालेले उत्पादन दुसरी. दुसरीला या पॅकेजमध्ये सहसा जागा नसते. मेट्रोच्या वनाज–रामवाडी आणि पिंपरी–स्वारगेट मार्गांवर डोक्यावरच्या तारेत २५,००० व्होल्ट असतात, तिथेही हेच.

फवारणीचा धोका सर्वांत कमी समजून घेतला जातो, म्हणून तो नीट सांगतो. शिरूर-जुन्नरकडे उसाच्या शेजारी द्राक्षबाग हे नेहमीचे चित्र. उसातल्या रुंद पानांच्या तणासाठी २,४-डी वापरतात आणि द्राक्षवेल त्याला अतिशय नाजूक. वाऱ्याने थोडे थेंब जरी बांधापलीकडे गेले तरी काही दिवसांत कोवळी पाने पंख्यासारखी आखडतात, शिरा जवळ येतात, शेंडा वळतो. ड्रोन पडलेला नाही, काही फुटलेले नाही, तरी शेजाऱ्याचा हंगाम गेला. हे नुकसान विमा मजकुरात ‘प्रदूषण’ किंवा ‘रसायनाचा प्रसार’ या वगळणीत अडकते. फवारणीवाल्याने पॉलिसी घेताना एकच प्रश्न विचारावा : रसायन उडून शेजारच्या पिकाचे नुकसान झाले तर देणार का? उत्तर ईमेलवर घ्यावे. देणार असतील तरी वाऱ्याचा वेग, उड्डाणाची उंची, नोझलचा प्रकार, औषधाचे लेबल आणि बॅच यांची रोजची नोंद मागितली जाते. तणनाशकाची टाकी आणि कीटकनाशकाची टाकी वेगळी ठेवा. टाकीत उरलेल्या अंशानेही द्राक्ष जळते, आणि तो निष्काळजीपणाच ठरतो.

खासगीपणाचा भंग, म्हणजे सोसायटीच्या बाल्कनीत डोकावल्याची तक्रार, हेही वेगळे कलम आहे. आणि दंड कधीच नाही : ड्रोन नियमांखालचा दंड एक लाख रुपयांपर्यंत होऊ शकतो, तो कोणतीही पॉलिसी भरत नाही.

पुण्यात क्लेम बुडण्याचे सगळ्यात मोठे कारण नकाशा आहे. लोहगाव हे हवाई दलाचे ठाणे. त्याशिवाय खडकवासल्याला एनडीए, खडकीला दारूगोळा कारखाना, दिघी आणि पाषाणला संरक्षण प्रयोगशाळा, देहूरोड, कॅम्प, येरवडा कारागृह. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात परवानगीशिवाय २०० फुटांपर्यंतच उडवता येते, बाहेरच्या हिरव्या, म्हणजे परवानगी न लागणाऱ्या भागात ४०० फुटांपर्यंत. विमाननगर, खराडी, वाघोली हे तर त्या पट्ट्याच्याही आत, विमानतळाजवळ. भर म्हणून राज्य सरकार आणि पोलीस एका वेळी ९६ तासांपर्यंत तात्पुरता लाल विभाग, म्हणजे उड्डाणाला मनाई असलेला भाग, जाहीर करू शकतात. पालखी, विसर्जन मिरवणूक, मोठ्या पाहुण्यांचा दौरा अशा दिवसांत पोलिसांचे मनाई आदेशही निघतात. बेकायदा उड्डाणात झालेले नुकसान पॉलिसीबाहेर, हे कलम सगळीकडे आहे. उपाय दोन मिनिटांचा : उड्डाणाआधी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरच्या नकाशाचा स्क्रीनशॉट, तारीख-वेळ दिसेल असा, त्या कामाच्या फोल्डरमध्ये टाका. कालचा नकाशा आज चालत नाही.

यूआयएनचेही तसेच. ९ फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे, संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा यांचा अपवाद सोडून. तरीही बाजारात नवे परदेशी मॉडेल मिळते, आणि विमाही कुठेतरी कोणीतरी काढून देतो. प्रीमियम घेतला म्हणजे क्लेम मिळेल असे नाही. क्लेमच्या वेळी पहिला कागद यूआयएनचा मागतात. पायलटचे नाव आणि त्याच्या प्रमाणपत्रावरचा गटही शेड्यूलशी जुळायला हवा. सीझनला बाहेरून बोलावलेला मुलगा तुमचा ड्रोन उडवणार असेल, तर ‘नामित पायलट’ऐवजी ‘वैध प्रमाणपत्र असलेला कोणताही पायलट’ असा मजकूर मागून घ्या. थोडा प्रीमियम वाढला तरी घ्या.

दिवसापुरत्या पॉलिसीबद्दल आमचे मत फारसे चांगले नाही. महिन्यात एखादे काम असेल तर ठीक. पण तीत ठिकाण आणि वेळ ठरलेली असते. लग्न दोन तास लांबले, पावसामुळे साइट उद्यावर गेली, बॅटरी तपासायला गोदामाच्या दारात ड्रोन उचलला, की कव्हर नाही. वाहतुकीत गाडीत आपटलेला ड्रोनही सहसा तीत येत नाही. नियमित धंदा असेल तर वार्षिकच घ्या.

अपघात झाला तर क्रम असा ठेवा. आधी जखमी माणूस, रुग्णालय. मग ड्रोन जागेवर असतानाच चारही बाजूंनी फोटो, आजूबाजूच्या खुणेसह. बॅटरी शक्य असेल तर काढा. फुगलेली किंवा चेपलेली असेल तर हात लावू नका, वाळू टाका, लांब राहा. ड्रोन पुन्हा चालू करून पाहू नका, मेमरी कार्ड फॉरमॅट करू नका, रिमोट आणि मोबाइलमधला फ्लाइट लॉग त्याच दिवशी दोन ठिकाणी कॉपी करा. विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा आणि क्लेम क्रमांक घ्या. ड्रोन नियमांनुसार ४८ तासांत डीजीसीएला, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला, अपघात कळवणे पायलटवर बंधनकारक आहे; ते राहिले तर कंपनीच्या हाती आयते कारण जाते. इजा किंवा चोरी असेल तर पोलिसांत नोंद. आणि जागेवर ‘आमची चूक झाली, पैसे देतो’ असे लेखी किंवा रोखीने काही करू नका : कंपनीच्या लेखी संमतीशिवाय जबाबदारी मान्य करायची नाही, ही प्रत्येक लायबिलिटी पॉलिसीची अट आहे. दवाखान्यात नेणे, तातडीचा खर्च करणे ही माणुसकी झाली, तिला कोणाची हरकत नसते. कागदावर सही मात्र नको.

सर्व्हेअर, म्हणजे विमा कंपनीने नुकसान तपासायला नेमलेला माणूस, काय बघतो, ते माहीत असले की तयारी सोपी होते. तो पाते हातात घेऊन मुळाशी वाकवतो. तिथे प्लास्टिक पांढरे पडून बारीक रेघ आली असेल आणि बाकीच्या पात्यांवरही तशीच रेघ असेल, तर ती झीज जुनी आहे असे तो लिहितो. मोटर बोटाने फिरवून खरखर ऐकतो. अंगावरचा अनुक्रमांक शेड्यूलशी ताडतो. मग लॉग : शेवटच्या मिनिटात बॅटरीचा एखादा सेल बाकीच्यांच्या खाली कोसळला का, होकायंत्राचा इशारा आल्यावरही उड्डाण चालू ठेवले का. बांधकामाच्या साइटवर सळईच्या ढिगाजवळून उडवल्याने होकायंत्र बिघडणे ही नेहमीची गोष्ट. दुसरी नेहमीची : परतीची उंची ३० मीटरवर ठेवलेली आणि साइटवरची टॉवर क्रेन ६० मीटरची. सिग्नल तुटतो, ड्रोन सरळ रेषेत घरी निघतो आणि क्रेनच्या जाळीत शिरतो. नदीकाठी घारींचा हल्ला आणि संक्रांतीच्या दिवसांत मांजा, ही कारणे मात्र अचानक आलेला अपघात म्हणून सहसा मान्य होतात; मांज्याचा तुकडा मोटरभोवती गुंडाळलेला असेल तर तो तसाच राहू द्या, तोच पुरावा.

क्लेम नाकारला तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी जा. महिन्याभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर नारायण पेठेत न. चिं. केळकर रस्त्यावर जीवन दर्शन इमारतीत विमा लोकपालाचे कार्यालय आहे. वकील लागत नाही, फी नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे चालतात, कंपनीच्या उत्तरापासून वर्षाच्या आत जावे लागते. मात्र लोकपाल व्यक्ती, एकल मालकी आणि सूक्ष्म उद्योग यांच्याच तक्रारी घेतात, म्हणून उद्यम नोंदणीचे प्रमाणपत्र आधीच काढून ठेवा. मोठ्या कंपनीला ग्राहक आयोगाचा रस्ता आहे. धंद्यासाठी घेतलेला विमाही ग्राहक कायद्यात बसतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे.